अंगठ्यातलं लोखंड

फॉर्म कानडीत. बोलतो मी, वाचता येत नाही.
शशिकला नर्स वाचत गेली, मी मान हलवत गेलो.
साखर? इल्ला. दमा? इल्ला.
अंगात कुठं धातू?

इथं अडलो.
उद्यमबागेत एकतीस वर्षं फाउंड्रीत काढलेल्या माणसाला
असं विचारू नये.
उजव्या अंगठ्यात आहे, म्हटलं,
शहाऐंशी सालचा, ग्राइंडरच्या चाकावरून उडालेला,
तिळाएवढा. थंडीत ठणकतो.

डॉक्टर हुक्केरीबाई हसल्या नाहीत.
फिल्म काढली, उजेडाला धरली. तीळ होता.
"हा हात डोक्यावर ठेवायचा काका,
चुंबकापासून लांब."

कुशीवर झालो, गुडघे पोटाशी, हात वर,
शाळेत पहिल्यांदाच उत्तर येत असल्यासारखा.

यंत्राचा हात पोटावर आला:
भंगार उचलायच्या आमच्या क्रेनला तबकडी होती,
तिचा हा धाकटा भाऊ.
ती खाली आली की पत्रे, खिळे, तुटके नट
आपणहून उठून उभे राहायचे.
आता माझ्या आत उठून उभं राहिलं
जांभळाएवढं एक डोकं,
पुढं दिवा, मागं मऊ शेपूट.

सात वर्षांमागं जुनी नळी होती.
मागून रेटायची. पहिल्याच वळणावर आतडं ताणलं,
आणि मी पलंगाची कड धरली.
कासरा ढकलून बैल चालत नाही,
पुढून धरावा लागतो.
बाई पुढून धरून होत्या, पोटाच्या बाहेरून,
दोन बोटांत खेळण्यातल्यासारखी एक दांडी.
"उसिरु बिडि," शशिकला म्हणाली.
श्वास सोडला.

पडद्यावर मी.
ओला, गुलाबी, वळ्यावळ्यांचा,
रात्रभर चार लिटर पाण्यानं खळखळून धुतलेला.

आम्ही कास्टिंग आतून कधी बघितलं नाही.
हातोडी मारायची, कान द्यायचा.
खणखणलं तर माल,
बद्द वाजलं तर आत पोकळी.
खात्रीच हवी तर फोडायचं.

नागोजीला तसंच फोडून बघितलं.
माझा थोरला भाऊ, कोअर शॉपमधला.
वर्षभर रक्त बघत होता
आणि बीट खाल्लं म्हणत होता.
नळी म्हटलं की उठून जायचा.
नळीचं त्याला कुणी सांगितलं होतं?
मीच. चहाच्या टपरीवर, रंगवून,
पलंगाची कड कशी धरली ते,
उभं राहून, करून दाखवून.
सगळे हसले होते.
तो पण हसला होता.

डोकं थांबलं.
वळलं. मागं फिरून पुन्हा बघितलं.
एका वळीआड मोहरीएवढा कोंब.
बारीक फास पुढं आला, आवळला,
मला काही कळलं नाही.
फक्त डोक्यावर धरलेल्या अंगठ्यात
तीळ जरासा कुशीवर वळल्यासारखं झालं.
शक्य नाही, बाई म्हणाल्या, एवढ्या लांब.
नसेल.

"आयतु."
झालं.

तिसऱ्या रेल्वे गेटाशी दोन इडल्या खाल्ल्या
आणि नागोजीच्या पोराला फोन लावला.
जोतिबा. खानापुरात कौलांच्या कारखान्यात असतो,
बेचाळीस संपलं.
काय करालास?
कामावर हाय, म्हणाला. मागं भट्टीचा आवाज.
"मंगळवारची तारीख घेतलोय. तुझी."
बराच वेळ नुसती भट्टीच.
मग, "काका, लई दुखतंय म्हणे ते."

कोण म्हणालं, विचारलं नाही.
"रात्रभर संडासात बसायला लागतंय,
तेवढं खरं," म्हटलं.
"बाकीचं मी वाढवून सांगितलो होतो."